शहाण्णव टक्के शुद्ध

४ एप्रिल २०२५
आमच्या प्लांटमध्ये तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि शेणापासून गॅस बनतो. जळणारा भाग विकतो, उरलेला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. आता सोडणार नाही. पकडणार. शेताच्या धुऱ्यापलीकडे, बांधाला लागूनच, मेहुणा तुलारामचा सोड्याचा कारखाना आहे. तिथपर्यंत पाइप टाकायचा. शब्द दिला: १४ मेला त्याच्या गुड्डीच्या लग्नात वऱ्हाडी माझ्याच गॅसचा सोडा पितील. त्याने भंडाऱ्याच्या सिलिंडरची ऑर्डर रद्द केली. म्हणाला, "भाऊजी, इज्जतीचा सवाल आहे जी." इज्जत माझ्याकडे भरपूर आहे.

९ एप्रिल
लॅबचा रिपोर्ट. शुद्धता ९६ टक्के! आमच्या तृप्तीला दहावीत ९१ होते तेव्हा बायकोने, मालनने, अख्ख्या एकोडी गावात पेढे वाटले. गॅसला ९६, तर घरात चहासुद्धा नाही.
तृप्ती नागपूरहून एम.एस्सी. करून आली आहे, केमिस्ट्रीत. म्हणते, "बाबा, मार्क नका पाहू. उरलेले चार काय आहेत ते पाहा." हवा, वाफ, जरासा अमोनिया आणि सडक्या अंड्याच्या वासाचा एक गॅस. तिचं म्हणणं, ओला गॅस आम्ल बनवतो आणि लोखंड आतून खातो. आधी गाळा, ड्रायरने वाळवा, मग पाठवा.
शेवटी सोड्यात पाणीच घालायचं आहे! आधी काढा, मग घाला? ही सरकारी पद्धत झाली. ड्रायर घेणार नाही. निर्णय कायमचा.

१५ एप्रिल
पाइप टाकला. लोखंडी. तृप्ती म्हणाली व्हॉल्व्ह स्टीलचे घ्या, अमोनियाने पितळ तडकतं. मुद्दाम पितळेचे आणले. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा जिल्ह्यात राहून स्टील? आजोबांचा पितळी गुंड अजून ठणठणीत आहे. मालन म्हणाली, "गुंडात आपन पानी भरतो जी, शेन नाही." मुद्दा सोडून बोलते.

२२ एप्रिल, सकाळी
नारळ फोडला. गॅस पोचला. पहिल्या बाटलीला किंचित वास. नवा पाइप आहे, मी सांगितलं. तुलाराम म्हणाला, "पाइपानं अंडे खाल्ले का, भाऊजी?"
उपाय सापडला: मसाला सोडा.

२३ एप्रिल
काळ्या मिठाने वास वाढला.

३ मे
सोडा तांबूस येतो आहे. लोह आहे, अंगाला चांगलं. गुड्डी म्हणाली, "मामाजी, लोहाच्या गोळ्या घेईन जी मी. सोडा राहू द्या." पण तिचे डोळे ओले होते. लग्नाची घाई, दुसरं काय.
तृप्तीने एक बाटली तारीख लिहून बाजूला ठेवली. तिचं हे लिहून ठेवणं मला आवडत नाही.

८ मे, दुपारी
व्हॉल्व्ह तडकला. आवाज फार नव्हता. वास मात्र मंडपापर्यंत गेला. नेमकी तेव्हाच वराकडची माणसं मंडप पाहायला आलेली. मुलाच्या काकांनी विचारलं, "गटार फुटली काय?" तुलाराम म्हणाला, "नाही जी. आमचे भाऊजी."
पाइप कापून पाहिला. आतून पोखरलेला. हल्ली लोखंडात दम राहिला नाही.

१० मे
सिलिंडरवाल्याचा फोन. लग्नसराई, सगळा माल बुक. तुलाराम माझ्याशी बोलत नाही. मालन बोलते. न बोललेली बरी.

१३ मे
तृप्तीला घेऊन भंडाऱ्याला गेलो. ती दुकानदाराशी बोलली, मी गंभीर उभा राहिलो. दोन सिलिंडर मिळाले. परत येताना ऑटोत ते मीच धरून बसलो. वर लिहिलं होतं, शुद्धता ९९.९. म्हणजे भेसळ त्यातही आहेच! तृप्तीला दाखवलं. "बाबा, नीट धरा," एवढंच म्हणाली.

१४ मे
लग्न लागलं. सोडा छान फसफसला. तुलारामने पहिली बाटली मलाच दिली. "घ्या भाऊजी. वास घेऊन पाहा." वास नव्हता. चवही नाही, असं मी म्हणालो. दुसरी मागितली ती फक्त खात्री करायला. तिसरीही.
घरी आल्यावर तृप्तीला सहज विचारलं, ड्रायर कुठे मिळतो? धान वाळवायला हवा आहे.
म्हणाली, "मे महिन्यात ऊन कमी पडून राहिलं का, बाबा?"
ऊन खरंच फार आहे.