तिकांडं माथ्यावर आलं तेव्हा

२० एप्रिल १९५७, शनिवार
हेडमास्तरांनी बोलावले. पुण्याचे एक प्रोफेसर शुक्रवारी दुर्बीण घेऊन अंथुर्ण्याला येणार. शेपटीचा तारा लोकांना दाखवायचा. दिवस मावळल्यावर, शाळेच्या मैदानावर. बंदोबस्त मी करायचा. "दत्तूला जाऊन साडेतीन महिने झाले मास्तर, आता माणसांत या." हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सुचले नाही.

२२ एप्रिल, सोमवार
दवंडी दिली. ऐकून बापू घरी आला. मी, गेलेला दत्तू आणि हा, तिघा भावांतला धाकटा. कुऱ्हाडीला धार लावत बसला.
"सोपानच्या घरचं कोण आलं तर जित्तं जाणार न्हाय."
दत्तूला मारणारा सोपान तुरुंगात. मागे राहिला त्याचा बाप, तात्या. सत्तरीचा म्हातारा. खटला ६ मे, पुण्याला; मी साक्षीदार. आमचे वकील म्हणतात, पाळत ठेवून केलेला खून आहे, फाशी होईल. बापूला तेवढे पुरत नाही.
मलाही पुरत नव्हते, हे इथे लिहून ठेवतो.
पाण्याची चारी एक, सोपानचे रान वर, आमचे खाली. पौषातली पाण्याची पाळी. दत्तू दारं धरायला, पाणी आमच्या रानात वळवायला गेला. सोपानने खोरं घातले. पहिला घाव कानावर, दुसरा पडल्यावर, कवटीत. पाणी तसेच वाहत होते, लाल. इंदापूरला नेताना बैलगाडीत डोके माझ्या मांडीवर होते. शेळगाव यायच्या आत संपला. धोतर दोनदा धुतले, मग जाळले.

२६ एप्रिल, शुक्रवार
तीनशेच्या वर माणूस. काटेवाडीहूनही दोन गाड्या भरून आल्या. बायकांची रांग वेगळी. तारा वायव्येला, नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. एक म्हातारी दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली, "अगं बया, ह्येला तर झाडणी बांधलीय!" सगळे हसले. मीही हसलो.
नंतर प्रोफेसरांनी पश्चिमेकडे बोट केले. तुमचं तिकांडं बघा, ते ओळीतले तीन तारे, कसं खाली उतरलंय. दोन महिन्यांपूर्वी याच वेळेला ते डोक्यावर होतं. प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर येतो.
मी बोटांवर पाण्याच्या दोन पाळ्यांमधले दिवस मोजू लागलो.
रांगेतून आवाज आला, "मास्तर, ऐकलंसा का?" तात्या. कधी येऊन उभा राहिला कळले नाही. "तारा सरकतोय. आमाला अडाण्याला ठावं हाय. तुमी शिकल्यालं, तुमाला कसं न्हाय कळलं?"
पुढचे सगळे पटकन झाले. बापूने दुर्बिणीचे तिपाईसारखे स्टँड उपटले आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर घातले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा तडाखा तोंडावर. दुर्बीण दगडावर पडली, काच फुटली, प्रोफेसरांचा तळवा चिरला. मग तात्याच्या भावकीकडून दगड, आमच्या भावकीकडून दगड. बायका पोरांना घेऊन पळाल्या. बापूने कमरेची कुऱ्हाड काढली, ती मी धरली तेव्हा त्याने मला बुक्की मारली. दात हलतो आहे.

२७ एप्रिल, शनिवार
फौजदार आले. तात्याने सांगितले, अंधारात पडलो. तक्रार दिली नाही.
पेटीतून कागद काढला. मार्गशीर्षात दत्तू आणि सोपान भांडत माझ्याकडे आले होते. घड्याळ कोणाकडेच नाही. मीच तोड काढली, माझ्याच अक्षरात लिहिले: तिकांडं माथ्यावर येईपर्यंत पाणी सोपानचे, पुढे उजाडेपर्यंत दत्तूचे. दोघांचे अंगठे. त्या दिवशी ती बरोबर अर्धी रात्र होती. पुढची पाळी एकवीस दिवसांनी. एकवीस चोक चौऱ्याऐंशी मिनिटे तिकांडं आधीच माथ्यावर आले. दत्तू तारा बघून गेला, लबाडी केली नाही. सोपानचे रान अजून कोरडे होते, त्याला वाटले हा पाणी चोरतोय.
कागद पोलिसांना दाखवला नव्हता. तेव्हा त्यात काही आहे असे वाटले नव्हते. आता वाटते, कोर्टात तो ठेवला तर भांडण पाण्याच्या वेळेवरून जागीच पेटले हे दिसेल, पाळत ठेवल्याचे टिकणार नाही. फाशी टळेल.

३० एप्रिल, मंगळवार
सरूला सांगितले. दत्तूची बायको, तिला आधी कळायला हवे. भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत.
"भावजी, येळ चुकली म्हून माणसाचं डोकं फोडायचं?"
भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "आन दुसरा घाव? त्ये तर पडलं हुतं."
जेवलो नाही.

२ मे, गुरुवार
बापूला सांगितले, कागद कोर्टात देणार. आधी समजला नाही. समजल्यावर मानगूट धरून भिंतीवर आपटले.
"मेल्याल्या भावाला खोटं पाडतुयास व्हय?"
"तो खरा होता. मी चुकलो."
"मग तू मर की!"
कागद हिसकावला, चुलीत घातला. मी हात घातला, तोवर राख. चार बोटे भाजली आहेत. डाव्या हाताने लिहितो.

३ मे, शुक्रवार
वकिलांकडे बारामतीला. ते म्हणाले, कागद नाही ना? मग गप्प बसा. सख्ख्या भावाच्या खुन्यासाठी साक्ष फिरवणारा माणूस मी पाहिला नाही.

५ मे, रविवार. पुणे
सकाळी एस.टी. पकडली. बापूही चढला, माझ्या मागच्याच बाकावर बसला. बारामती स्टँडवर तात्या, हात गळ्यात बांधलेला, तोंड अजून सुजलेले. "मास्तर, पुन्याची हीच का?" हो म्हणालो. जागा माझ्याच शेजारी होती. बसला.
मग म्हणाला, "त्यो कागद हाय न्हवं तुमच्यापाशी?"
"जळाला, तात्या."
म्हातारा खिडकीकडे बघू लागला.
"पण लिहिलं मी होतं," म्हणालो. "ते सांगता येतं."
मागून बापूचा हात माझ्या मानेवर आला. आवळला नाही. पुण्यापर्यंत काढलाही नाही.
उद्या अकराला साक्षीला माझे नाव पुकारतील.