तीन वाद्ये, एक इसम आणि साहेबांची गादी

प्रति,
मेहेरबान अंमलदार साहेब,
वाजंत्री परवाने खाते,
इलाखा करवीर, मुक्काम कोल्हापूर.

अर्जदार : इलाही दस्तगीर नदाफ, धंदा कापूस पिंजणे व गाद्या भरणे, राहणार तालमीचा बोळ, कोल्हापूर.

विषय : हलगी, घुमके व कैताळ ही वाद्ये राहत्या घरी वाजवण्यास आणि येत्या रविवारी त्यांची तबकडी भरून घेण्यास परवाना मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या खात्याची नोटीस, जी माझ्या दारास चिकटवली होती व जी शेजारच्या म्हशीने अर्धी खाल्ली. उरलेल्या अर्ध्या भागास अनुसरून.

मेहेरबान साहेब,

सेवेशी सादर विनंती ऐसीजे,

१. मी आणि माझा धाकटा भाऊ गैबी एरवी कापूस पिंजत असू आणि कुस्त्यांच्या मोसमात मैदानात वाजवत असू. हलगी माझी, तिला टिपरीने खर्जाची साथ देणारे घुमके गैबीचे आणि कैताळाच्या झांजा बाळासोच्या. तिघांचा परवाना आपल्या दप्तरी आहे. मागल्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गैबी गेला. बाळासो जिवंत आहे, परंतु कागलला सासऱ्याच्या गुऱ्हाळावर बसून काकवी खातो आणि इकडे यायचे नाव काढत नाही, तेव्हा वाद्याच्या दृष्टीने तोही गेल्यातच जमा. उरलो मी एकटा. अशात बोलक्या यंत्राच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, कंपनीचा एक गोरा साहेब तबकड्या भरून न्यायला कोल्हापुरात उतरला आहे. त्याला गाणाऱ्यांखेरीज मैदानी वाजपही हवे आहे, आणि सोमवारी तो हुबळीच्या गाडीने निघून जाणार. गैबीच्या घुमक्याचा आवाज एकदा तबकडीवर चढावा, एवढीच माझी इच्छा आहे. भाऊ परत येणार नाही हे मला कळते. आवाज तरी राहावा.

२. आपली हरकत, म्हशीने ठेवली तेवढी, अशी की परवान्यास एक इसम एक वाद्य हा नियम असता अर्जदार एकटाच तीन वाद्ये वाजवतो. हे खरे आहे, आणि ते कसे घडले हे समजावून सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. गेल्या साली गावात सर्कस आली होती. तीत वाघापेक्षा मला एक गोवेकर वाजवणारा अधिक आवडला. तो एकटा बसून दोन्ही हातांनी नगारा बडवी आणि पायाने मोठा ढोल. त्या रात्रीपासून माझे पाय अंथरुणात स्वस्थ राहिनात, असे माझी बायको खतिजा सांगते, आणि तिच्या नडग्या साक्ष देतील.

३. मग वाद्यांची निवड आली. प्रथम ढोल आणला. तो दारातून आत येईना, आणि कसाबसा आला तेव्हा आम्ही बाहेर. ताशा पाहिला, परंतु ताशा एकदा सुरू झाला की दुसऱ्याला बोलू देत नाही, आणि तसे माणूस घरात आधीच एक आहे. कैताळाऐवजी पितळी हंडा टांगून पाहिला. आवाज फार गोड होता, पण खतिजाने तो पाण्यासकट काढून नेला. शेवटी घरचीच वाद्ये बरी, असे ठरले. जुन्या पिंजणाच्या लाकडांची चौकट केली. हलगी छातीच्या उंचीवर बांधली. कैताळाची एक झांज चौकटीला आणि दुसरी माझ्या डाव्या गुडघ्याला. गैबीचे घुमके जमिनीवर, आणि त्याची टिपरी खतिजाच्या शिलाई मशीनच्या पायफळीला जोडली. उजव्या पायाने फळी दाबली की घुमके बोलते. पहिल्यांदा तिन्ही एकदम वाजली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून नाचलो, आणि उठलो तो चौकटीसकट उठलो.

४. जागेविषयी. पुढल्या सोप्यात मांडले तर फळीवरची भांडी खाली येत. मागल्या परड्यात मांडले तर लोक लग्न समजून जेवायला येत. सबब माजघरात मांडून आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना गाद्या व वाकळा लावल्या. मी पिंजारी असल्याने या मालाची टंचाई नव्हती. गिऱ्हाइकांना त्यांच्या गाद्या मिळण्यास थोडा विलंब होत आहे हे मी नाकारत नाही. याच ओघात नम्रपणे नमूद करतो की, आपल्या वाड्यावरून दिवाळीपूर्वी भरावयास आलेली गादी शेजारच्या तालमीकडच्या भिंतीला आहे. सर्व गाद्यांत तीच आवाज उत्तम पिते. थोरामोठ्यांच्या वस्तूंची गोष्टच निराळी.

५. एवढे करूनही बोभाटा झाला त्याचे कारण तालीम. मैदानाचा शिरस्ता आपणांस ठाऊकच आहे : हलगी वाजत असेतो पैलवान कुस्ती सोडत नाही, आणि कुस्ती निकाली झाल्याखेरीज हलगीवाला हात आखडत नाही. आता मी सरावाला हलगी धरली की भिंतीपलीकडे केरबा वस्तादांची पोरे शड्डू ठोकून हौद्यात उतरत. शड्डू ऐकला की माझा हात, तीस वर्षांची सवय, थांबेना. ते माझ्यासाठी लढत राहिले आणि मी त्यांच्यासाठी वाजवत राहिलो. एके दिवशी जोड बरोबरीची लागली. दुपार टळली, दिवे लागायची वेळ झाली, कोणी चितपट होईना. शेवटी केरबा वस्ताद लाल मातीने माखलेले माझ्या दारात आले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : "आरं इलाही, थांब की! हलगी बंद झाल्याबिगर पोरं सुटायची न्हाईत." मी वाजवत वाजवतच उत्तर केले, "कुस्ती निकाली झाल्याबिगर हलगी थांबत न्हाई, वस्ताद. तुमीच शिकीवलंय की." यावर वस्ताद कपाळावर हात मारून हौद्याकडे परतले आणि मी वाजवत राहिलो. दोन्ही पैलवान एकमेकांच्या गळ्यात पडून झोपले तेव्हा बरोबरी जाहीर झाली. त्यांतील एक अजून शिंकला तरी शड्डू ठोकतो, असे ऐकतो.

६. त्या दिवशीच आमच्या परड्याला लागून राहणाऱ्या शांतव्वा यांनी आपल्याकडे तक्रार नोंदवली. त्यांचे म्हणणे, "आरं मुडद्या, ह्यो ढोल हाय का धाड हाय? माझी म्हस पान्हा चोरती की!" तक्रार रास्त होती. आपली नोटीस येताच मी वाद्ये बंद केली. परंतु खतिजाने मशीन बंद केले नाही. पायफळी घुमक्याला जोडलेली असल्याने ती चोळी शिवू लागली की घुमके आपोआप वाजे, आणि बाही आली की दुप्पट वाजे. मी तिला नोटीस वाचून दाखवली. ती म्हणाली, "सायबाची नोटीस तुमच्या हाताला हाय, माझ्या पायाला न्हाय." कायद्याची इतकी बारीक समज माझ्यापाशी नसल्याने मी पायफळीची जोडणीच सोडून टाकली. मग सर्व शांत झाले, आणि चौथ्या दिवशी शांतव्वा रिकामी चरवी घेऊन आल्या. "वाजीव रं बाबा! म्हशीला त्याची चटक लागलीया. वाजल्याबिगर थेंब दीना." म्हशीने नोटीस कोणत्या रागाने खाल्ली हे मला तेव्हा उमगले. सबब तक्रार मागे घेतल्याचा त्यांचा कागद सोबत जोडला आहे.

७. काल तो गोरा साहेब आपले यंत्र, मोठा कर्णा आणि एक दुभाषा घेऊन घरी चाचणीला आला. नोटीस असता मी चाचणी कशी दिली, असे आपण विचाराल. चाचणी म्हणजे वाजवणे नव्हे असा माझा समज होता. चुकला असल्यास क्षमा असावी. मी पायफळीची जोडणी पुन्हा लावली, चौकटीत शिरलो, हलगी घेतली, गुडघा हलवला आणि पाय दाबला. घुमक्याचा पहिलाच टोला असा बसला की यंत्राची सुई मेणाच्या तबकडीवरून उडून साहेबाच्या टोपीत गेली. साहेबाने हुकूम दिला की हलगी कर्ण्यासमोर राहू द्या, घुमके मागे स्वयंपाकघरात न्या आणि कैताळ बाहेर परड्यात. हुकूम बरोबर असेल. परंतु त्याप्रमाणे मी माजघरात, माझा डावा गुडघा परड्यात आणि उजवा पाय चुलीपाशी, अशी वाटणी होत होती. पिंजाऱ्याच्या अंगाने किती ताणावे यालाही मर्यादा आहे. सालभर खपून मी तिघांचा एक केला होता, आणि साहेबाने एका वाक्यात एकाचे पुन्हा तीन केले.

८. मी खाली बसलो. शांतव्वा परड्यात म्हशीपाशी होत्याच. त्या आत आल्या, न विचारता माझ्या गुडघ्याची आणि चौकटीची अशा दोन्ही झांजा सोडून घेतल्या आणि म्हणाल्या, "आण हिकडं. भजनात टाळ धरतोच की आमी." राहिले घुमके. ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर तिथे मलिका भाकरी थापत होती. मलिका ही गैबीची बायको. तो गेल्यापासून ती घरात फार बोलत नाही. मी टिपरी हातात धरून गैबीचा ठेका दाखवू लागलो. गैबीची लकब अशी की तिसरा टोला तो किंचित उशिरा टाकी, विसरल्यासारखा, आणि सारे मैदान तेवढ्यापुरता श्वास धरून बसे. मला तो कधीच साधला नाही, हाताने नाही आणि पायाने तर नाहीच. मलिकाने पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "असं न्हाई पडायचं त्यांचं तिसरं. सरा बाजूला."

ती वाजवू लागली. मी धावत जाऊन हलगी धरली. परड्यातून कैताळ आले. साहेबाने दुसरी तबकडी लावली, भरली, आणि तिथल्या तिथे वाजवून ऐकवली. तिसरा टोला उशिरा आला. खतिजाचे मशीन कोणी न सांगता थांबले. केरबा वस्ताद सोप्याच्या दारात उभे होते, ते डोक्यावरचा पटका काढून खाली बसले. मी रडलो. अर्जात असे लिहीत नाहीत, पण रडलो, आणि लगेच हसूही आले, कारण परड्यातून म्हशीने हंबरून दाद दिली आणि तीही तबकडीत भरली गेली आहे. ऐकवलेली मेणाची तबकडी बाद होते, म्हणून खरी रविवारी भरायची आहे. म्हशीसही रविवारी हजर ठेवावे असा साहेबाचा आग्रह आहे.

९. सबब विनंती अशी की, एका इसमाने तीन वाद्ये वाजवण्याबद्दलचा माझा पूर्वीचा सर्व युक्तिवाद मी मागे घेतो. नियम आपलाच खरा. येत्या रविवारपुरता का होईना, परवाना तीन नावांनी व्हावा : हलगीस इलाही, कैताळास शांतव्वा, घुमक्यास मलिका. बायकांची नावे वाजंत्र्यांच्या परवान्यात आजवर नाहीत, असे आपले कारकून म्हणाले. त्यांस आपण कृपा करून एकदा ऐकायला पाठवावे, किंवा स्वतः यावे. केरबा वस्ताद रविवारी आपली सर्व पोरे पंचगंगेवर पोहायला नेणार आहेत, त्यामुळे कुस्ती होण्याचे भय नाही.

एक गोष्ट हात जोडून मागतो. जुन्या परवान्यात घुमक्यापुढे गैबीचे नाव आहे. ते खोडू नये. त्याच ओळीत पुढे जागा आहे, मी पाहिली आहे. तिथे मलिकाचे लिहावे.

आपला नम्र, आणि रविवारपर्यंत तरी आपला हुकूम पाळून गप्प असलेला,
इलाही दस्तगीर नदाफ
(सही दस्तुरखुद्द)

कोल्हापूर, ता. १७ माहे फेब्रुवारी सन १९२१ इसवी

सोबत :
(अ) नोटिशीचा उरलेला अर्धा भाग.
(ब) शांतव्वा यांचा तक्रार मागे घेतल्याचा कागद, अंगठ्यासह. कागदास लागलेला वास दुधाचा आहे.
(क) पोरांना नदीवर नेण्याबद्दल केरबा वस्तादांची हमी.
(ड) आपली गादी सोबत जोडलेली नाही. ती आता स्वयंपाकघरात, घुमक्याच्या मागच्या भिंतीला आहे. मलिका म्हणते, रविवारपर्यंत राहू द्या.