ओला बुंधा

भांडकुदळ बाईसाहेब,

उद्या तुझं लग्न. तिथं येऊन तमाशा करायचा म्हणून मी बॅग भरून ठेवली होती. कॉलेज सोडल्यापासून मामाकडे जंगल राखायला आहे, ते तुला ठाऊक आहेच. आज राग निघेना, म्हणून कुऱ्हाड उचलली आणि सरपणासाठी एका जुन्या बुंध्यावर घातली. मी जन्मायच्या आधी तोडलेलं झाड ते. फांदी नाही, पान नाही. तरी घाव ओला निघाला. आत पांढरं, ताजं लाकूड होतं आणि कडेनं रस पाझरत होता.

मामा ओरडत आला. "गाढवा, जिवंत आहे ते."

"पानं नाहीत, मग खातं काय?"

"शेजारची झाडं मुळांतून पाजतात. का, ते मला विचारू नकोस. मी पण नुसता बघत बसतो."

त्यानं घावावर चिखल लिंपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेवून घे. गाडीला वेळ आहे."

मी बराच वेळ त्या लाकडावर हात ठेवून बसलो. मग जेवलो आणि भरलेली बॅग रिकामी केली.

तू नसलीस तर मरेन, असं तुझ्या दारात ओरडलो होतो. ते खोटं निघालं. त्याची लाज वाटत नाही, नवल वाटतं.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. टाकलं आणि तुझं उत्तर आलं, तर मी लगेच तिकडे निघेन.

तुझा नसलेला,
तापट