वरचं पानी

१२ जुलै २०११, मंगळवार
हिराला लाज नाय. धाकटी जाऊ माझी. डोंगरावरचा माळ विकला तेव्हा मला विचारलं नाय. आता तिथं बंगलेवाल्याने ओढ्याला बांध घातला, तेपन मला ट्रेकवाल्या पोरींकडून कळतं. किल्ल्याच्या पायवाटेनं उतरल्या, ओट्यावर टेकल्या. "आजी, इथला धबधबा कुठं गेला?" म्हटलं, डोळे उघडे ठेवून चालत जा. मग स्वतः जाऊन बघितलं. कातळ नुसता ओला, पानी करंगळीएवढं.
आपलं खालचं भाताचं खाचर त्याच पान्यावर. रोप तयार हाय. आवनी कशात करू.

१४ गुरुवार
पोरगा कळंबोलीच्या लोखंडबाजारातून कामावरून आला, हातपाय काळे. जेवताना बोलला, "आई, खरेदीच्या कागदात ओढा नाय." विकताना बंगलेवाल्याने विचारलं, बारमाही पानी हाय का. हिराच्या पोराने, सुनीलने सांगितलं, नाय. खोटं नाय बोलला. चार महिन्यांच्या पान्याला आमच्यात कोनी पानी म्हनतच नाय, पाऊस म्हनतात. म्हनून कोनी लिहिलं नाय. आता तिकडे तळं भरतंय. बदकं सोडनार म्हने.

१७ रविवार
पाऊस उघडलाय. बसून नको ते आठवतं.
आवनी संपली की आमी दोघी जावा वर जायचो. उरलेली रोपाची मूठ धबधब्याखालच्या डबक्यात खोचायची, गावची रीत. मग अंगावरचा चिखल काढायचा. हिरा नवी नवरी, धारेखाली जायला घाबरायची. वेनी धरून ओढली मी. "बाई, मरन मी." मेली नाय. उलट बाहेर येईना. सासू खालून शिव्या घालायची. धारेखाली सासूचं ऐकू यायचं नाय, गावात तेवढं एकच ठिकान. लुगडी वाळेपर्यंत कातळावर बसायचो. काय एवढं बोलायचो, आता एक शब्द आठवत नाय. हसायचो ते आठवतं.

१९ मंगळवार
नवीन पनवेलला हिराच्या फ्लॅटवर. कप चांगले, चहा पानचट. म्हटलं, बंगलेवाल्याला सांग, बांध फोड. सुनील मधेच, "काकी, व्यवहार झाला. नि तिथं होतं काय? पोरं दारू पितात."
"तुझ्या आईशी बोलते मी."
हिरा उठली, कप उचलले. दारापर्यंत आली, चप्पल सरळ करून दिली. हळूच, "बाई, अजून मूठ खोचता काय?"
म्हटलं, कुठं खोचू ते तूच सांग.
गुडघे दुखतात तिचे. माझेपन.

२२ शुक्रवार
रोप पिवळं पडाया लागलं. पोरगा म्हनतो, कुदळ घेऊन जातो. म्हटलं, नि मग पोलीस आले की तुझी बायको जाईल का लोखंड उचलायला. मीच वर गेले. बंगलेवाला बरा बोलला, खुर्ची दिली. "जिनं विकलं ती बाई येऊन म्हनाली, की ओढा आधीपासून होता, तर पानी खाली सुटायला मोरी ठेवतो बांधाला. तुमच्या एकटीच्या बोलन्यावर नाय."
म्हनजे हिराच पायजे.

२३ शनिवार
फोन केला. उचलला सुनीलने. सगळं सांगितलं. "बघतो काकी, कळवतो." मागं हिराचा खोकला ऐकला मी, फोनजवळच होती.
म्हटलं, तू नको कळवू. येते म्हनू दे नायतर येत नाय म्हनू दे, पन हिरानेच सांगायचं, तिच्या तोंडानं.