सही आणि गेट

ती. बाबा,

लांबूनच पाया पडतो. मी मजेत आहे. खोलीला खिडकीसुद्धा आहे, समोर भिंत असली तरी. तुमचा खोकला कसा आहे?

तुमच्या कारखान्यावरचा माझा प्रबंध जरा अडलाय. पाच पुस्तकं म्हणतात, कारखाना बंद करताना कामगारांनी राजीखुशीने सह्या दिल्या. खोदत गेलो तर चार पुस्तकांनी पाचव्यातूनच उचललंय, आणि ते पाचवं माझ्या मार्गदर्शक सरांचं. सर तिकडे कधी फिरकलेही नव्हते.

सरांनीच शिकवलंय, डोळ्यांनी पाहणारा तो इतिहासाचं प्राथमिक साधन, ऐकून लिहिणारा दुय्यम. म्हणून तुमची हकीकत प्रबंधात एका पानावर लिहिली आणि म्हटलं, "सर, माझे बाबा आत होते. सही केल्याशिवाय गेट उघडत नव्हते."

सर हसले. "बाप कधीपासून साधन झाला रे? ते पान काढ, माझी सही घे आणि सूट एकदाचा."

फोनवर तुम्हीही म्हणालात, काढ ते पान, घरी ये.

बाबा, तुम्ही सही करून बाहेर आलात, हे माहीत आहे. त्यानंतर झोप लागायची का, हे कधी विचारलं नाही. आता विचारतोय. उत्तर तुम्हीच लिहा, आईने कळवलेलं दुय्यम धरेन.

पान अजून काढलेलं नाही.

तुमचाच,
धाकटा