तुरीच्या डब्यातला रिपोर्ट

मी, मंगलाबाई नवनीत पाटील, वय अठ्ठावन्न, राहणार कोरीट, ता. जि. नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. चार वर्षांपूर्वी डावा स्तन काढला, गेल्या वर्षी पोटातलं जठर काढलं. आता आजार यकृतात उतरला आहे. थकले मी, म्हणून थोडक्यात लिहिते.

१. राहतं घर मुलगा भाग्येश याला. मागची खोली मुलगी काजल हिची. ती केव्हाही येईल, कितीही दिवस राहील. कोणी तोंड वाकडं करू नये.

२. यजमानांच्या मागे माझ्या नावावर आलेली तीन एकर जमीन दोघांना निम्मी निम्मी. काजलकडून हक्कसोड लिहून घ्यायचं नाही. म्हसावदच्या माहेरच्या जमिनीचं हक्कसोड मी भाऊ छगन याला दिलं होतं. बदल्यात एक साडी मिळाली, तीही पहिल्याच धुण्यात विटली.

३. मिरची कुटायचा लोखंडी खलबत्ता काजलला. माझी आई रेवाबाई एक्केचाळिसाव्या वर्षी पोटाने गेली. शेवटी शेवटी अर्धी भाकरी टाकून उठायची. सगळ्यांनी खापर मिरचीवर फोडलं. दारात मिरची वाळत पडलेली आणि घरात वीस वर्षं फिकी भाजी! तरी माझी बहीण नर्मदा छातीच्या गाठीने गेलीच. मिरचीचा काही दोष नव्हता हो. काजलने खुशाल ठेचा खावा.

४. स्तन काढला तेव्हा सुरतेला माझं रक्त तपासलं. पोटाच्या आणि छातीच्या कॅन्सरचा धोका आमच्या रक्तातूनच उतरतो, असं निघालं. मुलगा असो की मुलगी, प्रत्येक लेकरात तो येण्याची शक्यता निम्मी. मुलींना जमिनीतून वगळणाऱ्या घराण्यात ही एवढीच सारखी वाटणी! याचं हक्कसोड कुठल्या कचेरीत होत नाही. डॉक्टर म्हणाले, मुलांना तपासा, वेळेत कळलं तर उपाय आहे.

तेव्हा काजलची सोयरीक चालली होती. छगन म्हणाला, "ताई, पोरनं लगीन व्हई जाऊ दे, मंग सांग." मी रिपोर्ट तुरीच्या डब्यात, डाळीखाली खुपसला. लग्न झालं, बाळंतपण झालं, मी गप्पच. माझ्या पोटाची तपासणीही टाळली, कोणी विचारलं असतं म्हणून. छगनवर माझा राग आहे. पण डब्याचं झाकण मीच लावलं.

५. परवा काजल आली होती. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. "पोट भरलं," म्हणाली. खरंच भरलंही असेल. पण मला आई दिसली.

६. घर, जमीन, खलबत्ता माझ्या मरणानंतर. रिपोर्ट मात्र आजच. सह्या होताच भाग्येशने तो या कागदासकट काजलच्या हातात द्यावा आणि स्वतःचंही रक्त तपासून घ्यावं. छगनची मुलगी ममता हिलाही सांगावं, मग तिची सोयरीक मोडो की राहो. पोरी, मला माफ कर.

सही : मंगलाबाई नवनीत पाटील
आमच्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली :
१. सुरुपसिंग वळवी, निवृत्त शिक्षक
२. डॉ. हेमलता चौधरी
कोरीट, १२ नोव्हेंबर २०२५

१३ नोव्हेंबर. रिपोर्ट भेटना, वाची लिधा. सोमवारे सुरतले जासू. माय, तू बी संगे चाल.
— काजल