गुरगुरणाऱ्याला चप्पल

अमरेश,

रुद्राणीच्या हाताला कुत्र्याचं पिल्लू चावलं. जखम साबणानं नळाखाली चांगली धुतली. आता इंजेक्शनसाठी दवाखान्यात चाललोय, सूनबाई शिवानी सोबत आहे.

फोनवर तू म्हणालास, "अप्पा, आजच त्याला औशाच्या रस्त्याला सोडून येतो." हात तर लावून बघ. पिल्लू माझ्या खोलीत आहे आणि किल्ली माझ्या खिशात. ते आजारी तर पडत नाही ना, हे डॉक्टर पुढं दहा दिवस विचारणार, म्हणून ते घरातच राहील.

पोरगी त्याच्या ताटलीत हात घालायची तेव्हा ते आधी गुरगुरायचं. 'जेवून राहिलोय, लांब हो,' एवढंच सभ्यपणे सांगायचं. पोरीचा हात बाजूला करायचा सोडून तू दरवेळी त्यालाच चपलेनं हाणलंस. "घरात आवाज न्हाई पाहिजे!" पिल्लू लई आज्ञाधारक निघालं. आज अजिबात आवाज न करता चावलं. अभिनंदन, तुझी शिकवण वाया गेली नाही.

यापुढं पिल्लू जेवताना पोरगी दुसऱ्या खोलीत. दोघं एकत्र खेळतील तेव्हा मोठं माणूस जवळ पाहिजे, मोबाइल खिशात आणि चपला पायात ठेवून.

रिक्षा आली. रुद्राणी मघापासून एकच विचारून राहिली, "आजोबा, मी पण बालवाडीत एकाला चावले होते. मग पप्पा मला कुठं सोडतील?"

आम्ही येईपर्यंत उत्तर तयार ठेव.

अप्पा